टाकी साफ झाली आणि वरच्या मजल्याचं गरम पाणी गेलं: पाइपात अडकलेली हवा कशी काढायची

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलुंडला सात मजली बिल्डिंग, तुम्ही सातव्यावर, वर थेट गच्ची. मागच्या आठवड्यात सोसायटीने गच्चीवरची टाकी साफ करून घेतली आणि तेव्हापासून बाथरूमच्या गरम नळाला आधी भस्स भस्स हवा येते, मग करंगळीएवढी धार, मग तीही बंद. थंड नळ ठीक, किचन ठीक, खालच्या मजल्यांवर कुणाचीच तक्रार नाही. एक प्लंबर म्हणाला गिझर बदला, दुसरा म्हणाला प्रेशर पंप बसवा. आणि तुमचा भाऊ इंग्लंडला असतो, तो म्हणतो आमच्याकडे रेडिएटरला चावी लावून हवा सोडतात, तसं तुमच्याकडे काही नसतं का.

मी तीस वर्षं हेच काम करतोय, दादर-परळच्या जुन्या चाळींपासून ठाण्याच्या टॉवरपर्यंत, आणि तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मी तरी आज गिझर बदलणार नाही आणि पंप तर अजिबात बसवणार नाही. तुमच्या लाइनीत एअर अडकलीय, तिला बाहेर पडायला वाट नाहीये, वाट दिली की पाणी येईल. फक्त ती कुठे बसलीय आणि आत शिरली कशी हे शोधायला हवं, नाहीतर आज काढाल आणि पुढच्या टाकी-सफाईला परत तेच.

पहिल्यांदा हवा पाणी कसं अडवते ते समजून घ्या, कारण बरेच लोक म्हणतात हवाच तर आहे, पाणी ढकलून देईल. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतो ना पाणी भरलेली, तिच्यात बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला येतच नाही, एकीकडे वर एकीकडे खाली, म्हणून चांगला गवंडी आधी नळी झटकून बुडबुडा काढतो. तुमच्या पाइपात अगदी तेच होतंय. पाइप जिथे वर चढून परत खाली उतरतो, म्हणजे दरवाज्याच्या वरून, बीमच्या वळशाने, फॉल्स सीलिंगमधून, तिथे त्याला कुबड येतं आणि हवा हलकी म्हणून त्या कुबडात जाऊन बसते. पाणी एका बाजूने चढतं, पण पलीकडच्या उतरत्या भागात पाण्याऐवजी हवा असल्यामुळे त्या उतरणीची मदत त्याला मिळत नाही. जेवढी फूट उतरण हवेने भरलेली तेवढं फूट प्रेशर गेलं असं समजा. आणि एकापुढे एक अशी तीन कुबडं असतील तर ते नुकसान बेरजेने वाढतं, दीड दीड फुटाची तीन म्हणजे साडेचार फूट.

आता हिशोब करा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी फक्त स्वतःच्या उंचीच्या जोरावर खाली येतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर, म्हणजे एका मजल्याच्या ३ मीटरला ०.३ बार. टाकीचा तळ गच्चीच्या स्लॅबपासून पाच फूट वर धरला, तर तुमच्या शॉवरच्या उंचीला, टाकी रिकामी होत आली असताना, कसंबसं आठ फूट पाणी उरतं. त्यातलं साडेचार हवेने खाल्लं तर राहिलं काय? तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे मात्र त्यावर आणखी चाळीस फूट असतात. त्याच्याही पाइपाला कुबडं असतील, पण त्याचं पाणी ती हवा रेटून नळातून बाहेर फेकतं, त्याला सकाळी एकदा नळ फुसफुसला एवढंच कळतं. म्हणून हा त्रास नेहमी वरच्या एक-दोन मजल्यांना होतो, आणि कमिटीत सांगितलं तर बाकीचे म्हणतात आमच्याकडे तर मस्त पाणी येतंय, तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम असेल. ताई, हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळालं असेल किंवा मिळेल, तेव्हा हा हिशोब त्यांना दाखवा. आणखी एक, जोरात वाहणारं पाणी बुडबुडे बरोबर घेऊन जातं, बारीक धार नेत नाही, म्हणून एकदा धार बारीक झाली की हवा अजूनच मुक्काम ठोकते.

मग गरमच नळाला का, थंडाला का नाही? एक तर गरम पाण्याचा रस्ता लांब आणि वाकडा असतो, गिझर उंचावर, त्याला जाणारा पाइप वरून, येणारा पाइप परत वरून खाली. दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी तापलं की ती बाहेर पडते, पातेल्यात पाणी ठेवलं की उकळायच्या आधीच तळाला बारीक बुडबुडे धरतात ते तेच. नुसत्या ऑक्सिजनचं सांगायचं तर ३० अंशाच्या एक लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ६० अंशाला पाचच्याही खाली येतो. म्हणजे तुमचा गिझर रोज सकाळी थोडी थोडी हवा स्वतःच तयार करत असतो आणि ती गिझरच्या वरच्या भागात नाहीतर बाहेर येणाऱ्या पाइपाच्या कुबडात जमते. एरवी वापरात ती निघून जाते. टाकी साफ करताना पूर्ण डाऊनटेक, म्हणजे गच्चीच्या टाकीतून खाली येणारा मुख्य पाइप, रिकामा झाला आणि एकदम भरपूर हवा आत गेली, म्हणून आता दोन्ही मिळून बसलीय.

आता काय करायचं ते सांगतो, पण सुरुवात घरातून करू नका, गच्चीवरून करा. टाकी साफ करणारे लोक व्हॉल्व बंद करतात आणि जाताना अर्धाच उघडतात, हे मी किती वेळा बघितलंय त्याची गणती नाही. तुमच्या लाइनीचा व्हॉल्व कुठला ते वॉचमनला विचारा, बॉल व्हॉल्व असेल तर दांडा पाइपाच्या रेषेत आला पाहिजे, जुना गेट व्हॉल्व असेल तर चक्री फिरते पण आतली पट्टी तुटून खालीच पडलेली असते असंही होतं, त्यामुळे नुसती चक्री फिरली म्हणून खूश होऊ नका. मग घरात येऊन नळाची जाळी काढा, अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळाला पाणी देणारा छोटा कॉक, असेल तर त्याचीही बघा, कारण सफाईत तळाचा गाळ हलतो आणि तो जाळीत येऊन बसतो. गाळ आणि हवा यातला फरक असा की गाळ असेल तर धार बारीक असते पण एकसारखी बारीक, आणि हवा असेल तर धार थुंकल्यासारखी येते, थांबते, परत येते, टाकी भरल्यावर जरा सुधारते आणि संध्याकाळी टाकी खाली गेली की बिघडते. पाणी पांढरट दुधाळ दिसत असेल तर काचेच्या ग्लासात भरून ठेवा. तळाकडून वर स्वच्छ होत गेलं तर ती हवा, वरून खाली स्वच्छ होऊन तळाला काही बसलं तर तो गाळ. दोन मिनिटांचं काम आहे पण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर आहे.

हवाच आहे असं ठरलं की गिझरचा स्विच नाही, एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला गिझरचा खटका, खाली पाडा. हे मी हात जोडून सांगतो. आत हवा असताना गिझर चालू राहिला तर कॉइल उघडी पडून जळते, आणि पुढे आपण जो नट सैल करणार आहोत तिथून गरम पाणी अंगावर येऊ शकतं. गिझर तास-दोन तास गार होऊ द्या. वेळ दुपारची निवडा, दोन-तीनच्या सुमाराला, सकाळी पंप लावून टाकी भरून घेतलेली असेल आणि तुमच्या लाइनीवर खालचे कुणी पाणी वापरत नसतील अशी. टाकी काठोकाठ भरलेली असणं फार महत्त्वाचं आहे, तेच तर तुमचं सगळं प्रेशर.

सगळ्यात आधी साधा उपाय. घरातला सगळ्यात खालचा गरम नळ, बादलीचा असेल तर तो, जाळी काढून पूर्ण उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच सोडा, शॉवर नको, शॉवर उंचावर असतो. बऱ्याचदा थुंकत थुंकत हवा निघते आणि धार मोठी होत जाते. नाही झालं तर मिक्सरवाला उपाय. मिक्सरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरा, किंवा रबरी नळीचा तुकडा लावून चिमटून धरा, आणि गरम थंड दोन्ही बाजू पूर्ण उघडा. थंडाच्या लाइनीत पूर्ण प्रेशर आहे, ते पाणी उलटं गरमाच्या पाइपात शिरतं आणि हवेला मागे रेटतं. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, परत, असं सात-आठ वेळा. पण याला एक मर्यादा आहे, गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला जो सेफ्टी व्हॉल्व असतो त्यात एनआरव्ही असतो, तो उलटं पाणी पुढे जाऊ देत नाही, म्हणून गिझरपासून नळापर्यंतच्या भागातली हवा अशी हलते, गिझरच्या आधीच्या कुबडातली हलत नाही.

तिच्यासाठी आपली चावी म्हणजे गिझरचे दोन नट. खाली बादली, हातात जुना टॉवेल. आधी निळी बाजू, म्हणजे थंड पाणी आत जातं तो कनेक्शन पाइप, त्याचा नट पान्ह्याने अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. सुंय्य आवाज येईल, मग आवाजाबरोबर थेंब, मग सलग पाणी. सलग आलं की घट्ट करा. मग लाल बाजूला तेच. गिझरच्या आत गरम पाणी घेणाऱ्या नळीचं तोंड वरच्या टोकाला असतं, त्यामुळे गिझरच्या डोक्यावर जमलेली हवा याच वाटेने निघते, तिथे जरा जास्त वेळ लागतो, घाई करू नका. वायसर जुनं कडक झालेलं असेल तर नवीन घाला, दहा-वीस रुपयाची गोष्ट असते आणि नाहीतर रात्रभर टपकत राहील. मग नळ उघडा, दोन-तीन मिनिटं न थुंकता सलग धार आली की मगच एमसीबी वर करा.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर लावून हवा मारायला जाऊ नका, सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचा, एखादा कच्चा जॉइंट भिंतीच्या आत सुटला तर टाइल फोडावी लागते. आणि दुसरी त्याहून गंभीर. बऱ्याच जुन्या बिल्डिंगीत किचनमध्ये महापालिकेच्या डायरेक्ट लाइनीचा एक नळ असतो, त्याला प्रेशर चांगलं असतं म्हणून काही जण रबरी नळी लावून तो टाकीच्या लाइनीला जोडतात आणि हवा ढकलतात. पाणी सुटलेलं असताना ढकललं जाईल कदाचित, पण पाणी गेलं की तीच नळी टाकीचं पाणी, बाथरूमचं पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत ओढून घेईल. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेले तासच असतं, बाकी वेळ ती लाइन रिकामी असते आणि ओढते. विहार, तुळशीपासून भातसा, मध्य वैतरणापर्यंत सात तलावांचं पाणी शुद्ध करून आपल्या दारापर्यंत येतं, ते शेवटच्या दहा फुटांत आपण बिघडवायचं नाही.

आता मूळ कारणाकडे येतो, कारण वरचं सगळं म्हणजे ताप उतरवणं झालं. टाकीतून निघालेल्या डाऊनटेकला व्हॉल्वच्या लगेच पुढे एक उभा पाइप वर काढलेला असायला हवा, टाकीच्या ओव्हरफ्लोच्या लेव्हलपेक्षा उंच, त्याचं तोंड खाली वळवलेलं आणि त्याला डासांची जाळी. आम्ही त्याला एअर पाइप म्हणतो, कुणी व्हेंट म्हणतं. व्हॉल्व बंद करून लाइन रिकामी झाली की हवा तिथून आत येते, आणि परत भरताना तिथूनच बाहेर जाते. तो नसेल, तर हवेला बाहेर पडायला तुमच्या नळाशिवाय दुसरी जागाच नाही. तो ओव्हरफ्लोपेक्षा बुटका असेल तर टाकी भरली की त्यातून पाणी सांडतं, मग कुणीतरी वैतागून त्याला एंड कॅप ठोकून देतं. परळच्या एका सोसायटीत नेमकं हेच झालं होतं, गच्ची वॉटरप्रूफिंग करताना कुणीतरी तो पाइप कापून टोपी लावली, आणि वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी त्यानंतर दोन गिझर बदलले. मी गेलो तेव्हा मीही पहिला तास घरातच शोधण्यात घालवला. मग गच्चीवर जाऊन टोपी काढली, पाइप दोन फूट वाढवला, त्या दिवसापासून त्यांचं पाणी सुरळीत. आजोबांचा गिझरवर गेलेला पैसा आठवला की मला अजून वाईट वाटतं, म्हणून आता मी आधी गच्ची बघतो.

कधी पाइप असतो, उंचीही बरोबर असते, पण जाळी शेवाळाने नाहीतर कबुतराच्या काड्यांनी गच्च झालेली असते. जाळी काढून टाकू नका, डास घुसले तर महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येईल आणि यायलाच हवी. साफ करून परत बांधा.

प्रेशर पंपाचं म्हणाल तर तुमच्या केसमध्ये ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी आहे. पंपाला पाणी लागतं, हवा आली की तो नुसता फिरतो आणि त्याचं सील जळतं. शिवाय डाऊनटेक सामाईक आहे, तुमचा पंप जेवढं ओढेल तेवढं वरून आलं नाही तर तो एअर पाइपातूनच हवा ओढायला लागेल, म्हणजे जो रोग होता तोच वाढला, आणि शेजाऱ्यांचं पाणी तुटलं ते वेगळंच. जिथे लाइन स्वच्छ आहे, हवा नाही आणि तरी वरच्या मजल्याला शॉवर बारीक आहे तिथे पंप ठीक, तोही टाकीपासून स्वतंत्र लाइन घेऊन.

तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे, त्याला सांगा तत्त्व एकच. फरक असा की त्यांच्या हीटिंगमध्ये तेच पाणी बॉयलर ते रेडिएटर गोल फिरत राहतं, सिस्टीम बंद असते, म्हणून एकदा हवा काढली की बराच काळ बघायला लागत नाही. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर वर हवा, खालून गार असेल तर तळाला काळा गाळ. हीटिंग बंद करून वरच्या कोपऱ्यातला छोटा व्हॉल्व चावीने जरासा उघडायचा, सुंय्य थांबून पाणी आलं की बंद, आणि मग बॉयलरचा काटा बघायचा, सिस्टीम गार असताना १ ते १.५ बारच्या दरम्यान असायला हवा, कमी झाला असेल तर पाणी भरायचं. त्याला जर दर पंधरा दिवसांनी हवा काढावी लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा आतलं लोखंड गंजून वायू तयार होतोय, तेव्हा नुसती चावी फिरवत बसू नये. आपल्याकडे पाणी रोज नवीन, त्याबरोबर हवाही रोज नवीन, म्हणून आपल्याला माणसाने फिरवायची चावी परवडत नाही, कायम उघडा एअर पाइपच लागतो.

घरातल्या कुबडाचं काय? पुढे कधी बाथरूमचं काम काढाल तेव्हा प्लंबरला सांगा की गिझरची लाइन दरवाज्यावरून नेऊ नको, नेलीच तर एकाच दिशेने चढती ठेव, मध्ये खालीवर नको, आणि क्लॅम्प जवळ जवळ मार. सीपीव्हीसी गरम पाण्याने लोंबतो आणि लोंबला की दोन क्लॅम्पच्या मध्ये नवीन कुबड तयार. काम काढायचं नसेल तर सगळ्यात उंच जागी टी टाकून पितळी ऑटो एअर व्हेंट बसवता येतो, आत फ्लोट असतो, हवा आली की उघडतो पाणी आलं की बंद होतो. पण सातव्या मजल्यावर प्रेशर इतकं कमी की कधी कधी तो उलटी हवा आत घेतो, म्हणून तुमच्याकडे मी तो दुसऱ्या नंबरवर ठेवेन. सोलर असलेल्या सोसायट्यांनी एवढं लक्षात ठेवा की सोलरच्या टाकीचा स्वतःचा एअर पाइप वेगळा लागतो, तोही थंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर, आणि काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडला असेल तर दुपारी उन्हात गार पाणी सोडायचं नाही, नळ्या तडकतात, पहाटे भरा.

आणि पुढच्या सफाईच्या दिवशी वॉचमनला एवढं सांगून ठेवा. टाकी भरल्यावर व्हॉल्व एकदम उघडायचा नाही, थोडासाच उघडून थांबायचं. त्या लाइनीवरच्या प्रत्येक मजल्यावर एकेक नळ उघडा ठेवायला सांगायचं, मग तळमजल्याकडून सुरुवात करून जिथे सलग पाणी आलं तो नळ बंद करत वर यायचं, तुमचा सगळ्यात शेवटी. मग व्हॉल्व पूर्ण उघडायचा. यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्या वेळात सगळ्यांचे गिझर बंद पाहिजेत, तेव्हा आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाका.

तुम्ही आज गच्चीवर जाल तेव्हा टाकीच्या आऊटलेटपासून व्हॉल्वपर्यंतचा आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन फुटांचा फोटो काढून टाका. एअर पाइप आहे की नाही, असला तर किती उंच, ते बघून पुढचं सांगतो.